काळ्या रंगाची जिल्हई

मोटारीच्या सर्व रंगांत काळा रंग हा एके काळी कारखानदाराला सर्वांत सोयीचा आणि मालकाला सदैव सर्वांत तापदायक ठरलेला रंग होय. गेल्या सव्वाशे वर्षांतील मोटारीच्या चकाकीचा इतिहास चाळू लागले, म्हणजे असे दिसते की, ती चकाकी उत्पन्न करण्याची आणि राखण्याची मेहनत यंत्रांनी, रसायनांनी किंवा भट्ट्यांनी कधीच नाहीशी केली नाही. बग्गी रंगवणाऱ्या कारागिराच्या हातून ती कारखान्यातील मजुराकडे गेली, मजुराकडून फडके आणि मेणाचा डबा घेऊन बसलेल्या मालकाकडे आली, आणि आज ती सुटीच्या दिवशी घराच्या अंगणात, विजेचे फिरते यंत्र दोन्ही हातांनी धरून काळ्या बॉनेटवर ओणवे झालेल्या गृहस्थाच्या खांद्यावर येऊन पडली आहे.

मोटार जन्मास येण्यापूर्वी ही विद्या बग्ग्यांच्या कारखान्यांत नांदत होती. लंडनमधील लाँग एकर हा रस्ता एकोणिसाव्या शतकात बग्गीवाल्यांची पेठच होता, आणि तेथून उमरावांच्या दारी रवाना होणाऱ्या वाहनाचा रंग हा मालकाच्या इभ्रतीचा दाखला समजला जाई. लाकडावर प्रथम सफेद्याचे अस्तर, त्यावर भरणाचे अनेक हात, ते वाळले की पाणी आणि पमीसचा सच्छिद्र दगड घेऊन आरशासारखी सपाटी येईपर्यंत घासणे, मग रंगाचे हात, आणि सरतेशेवटी राळ व अळशीचे तेल एकत्र शिजवून केलेल्या रोगणाचे हात, असा शिरस्ता होता. आणि रोगणाच्या शेवटच्या हाताखेरीज प्रत्येक हातानंतर पुन्हा घासणे आलेच. अळशीचे तेल हवेतील प्राणवायू शोषून सावकाश कठीण होत असल्यामुळे एका बग्गीला आठवडेच्या आठवडे लागत, आणि त्या मुदतीत उडालेला धुळीचा एखादा कण ओल्या रोगणावर बसला, तर केलेले सारे काम पुन्हा उगाळावे लागे. म्हणून रोगणाच्या खोलीची जमीन ओली ठेवीत आणि दारे-खिडक्या बंद. ज्याला आपण चकाकी म्हणतो, ती काही चढवण्याने येत नाही, खरवडून काढण्याने येते, हे मर्म त्या कारागिरांना पुरते अवगत होते.

काळ्या रंगाशी त्यांचे नाते दुहेरी होते. अळशीच्या रोगणाला जात्याच पिवळट झाक असते आणि वयोमानाने ती वाढते. फिकट निळ्या अथवा पांढऱ्या रंगावर ती उघडी पडे, काळ्यावर मात्र मुळीच दिसत नसे. पण रोगणाचा दोष झाकणारा हाच रंग हाताचा दोष चव्हाट्यावर मांडी, आणि म्हणून उत्तम काळी बग्गी रंगवू शकणाऱ्या माणसाचे मोल कारखान्यात वेगळे असे. आपल्या देशातून परदेशी जाणारी चपडा लाख त्या काळी युरोपातील मेजा-कपाटांवर विराजमान झाली होती खरी; परंतु पाण्याने पांढरी पडणारी लाख उघड्यावर उभ्या राहणाऱ्या वाहनाच्या अंगावर टिकण्यासारखी नव्हती, आणि तेथे अळशी व राळ यांचाच अंमल राहिला.

अमेरिकेतील मोटारींचा कारखानदार हा पुष्कळदा जुना बग्गीवालाच होता, ही गोष्ट आज सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. मिशिगन राज्यातील फ्लिंट या गावी 1886 साली डुरँट आणि डॉर्ट या दोघांनी गाड्यांचा धंदा सुरू केला; त्यांपैकी विल्यम डुरँट यांनी 1904 साली ब्यूइक मोटारीचा कारभार हाती घेतला आणि 1908 साली जनरल मोटर्स ही संस्था स्थापन केली. साहजिकच रंगकामाचा जुना शिरस्ता मोटारीलाही जसाच्या तसा चिकटला. इंजिन आणि सांगाडा तयार होण्यास लागणारा वेळ दिवसागणिक आखडत चालला असता, रंगाच्या खोल्यांतून मात्र ओल्या रोगणाने झाकलेल्या मोटारी आठवडेच्या आठवडे नुसत्या उभ्या असत. कारखान्याला आणखी जागा हवी, आणखी भांडवल हवे आणि आणखी धीर हवा, अशी तेथील कैफियत होती.

हेन्री फोर्ड यांचा आणि काळ्या रंगाचा संबंध सर्वश्रुत आहे. तो जितका सर्वश्रुत आहे तितका तंतोतंत नाही. 1908 साली निघालेली त्यांची ‘मॉडेल टी’ पहिली काही वर्षे करड्या, तांबड्या, हिरव्या आणि निळ्या रंगांत विकली जात असे, आणि केवळ काळ्या रंगाचा अंमल 1914 पासून 1925 पर्यंत चालला. हायलंड पार्क येथील कारखान्यात 1913 साली फिरता पट्टा सुरू झाल्यावर सांगाडा जोडण्याचे जे काम साडेबारा तासांवर चालत असे ते 93 मिनिटांवर आले, आणि अशा वेगाच्या धंद्यात चार रंगांचे चार हौद बाळगणे परवडणारे नव्हते. काळे रोगण अस्फाल्ट म्हणजे नैसर्गिक डांबराच्या जातीच्या द्रव्यापासून करता येई; ते स्वस्त होते, चिवट होते आणि चिखल-पाण्याला दाद न देणारे होते. मडगार्डासारखे लहान भाग त्यात बुडवून काढीत, मोठ्या भागांवर ते ओतून निथळू देत, आणि पत्र्याचे भाग भट्टीत भाजून पक्के करीत. कुंचला घेऊन बसणाऱ्या कारागिराची गरजच त्यामुळे संपली. काळा रंग सर्वांत लवकर वाळतो म्हणून फोर्ड यांनी तो निवडला, ही कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. पण एकाच मोटारीवर निरनिराळ्या भागांसाठी निरनिराळी काळी रोगणे वापरली जात, यावरून सोय आणि काटकसर हाच त्या निवडीचा खरा हिशेब होता, असे माझे मत आहे. 850 डॉलरला निघालेली ती मोटार 1925 च्या सुमारास 300 डॉलरच्याही खाली मिळू लागली, आणि अखेरपर्यंत दीड कोटींहून अधिक मोटारी रस्त्यावर आल्या. त्या काळ्या अंगावर बग्गीची खोल चकाकी नव्हती; शेतकऱ्याला आणि दुकानदाराला ती हवी होती असेही नव्हे.

रंगाला वेग देणारा शोध मात्र युद्धाच्या जमाखर्चातून निघाला. पहिल्या महायुद्धात ड्यूपाँट कंपनीने कापसावर नत्राम्लाची क्रिया करून बिनधुराची दारू अमाप प्रमाणात तयार केली होती, आणि युद्ध संपल्यावर ती यंत्रसामग्री व ती विद्या यांचा दुसरा उपयोग शोधणे तिला भाग पडले. न्यू जर्सी राज्यातील पार्लिन या गावी तिची प्रयोगशाळा होती. 1920 च्या उन्हाळ्यात तेथे नायट्रोसेल्युलोजचे एक दाट मिश्रण काही काळ तसेच पडून राहिले आणि नंतर पाहावे तो ते सरबतासारखे पातळ झालेले आढळले, असे त्या कंपनीच्या इतिहासात सांगतात. या पातळपणाचे महत्त्व असे की, एरवी नायट्रोसेल्युलोजचे द्रावण इतके चिकट असे की, त्यात रंगद्रव्य फारसे मावत नसे. आता मात्र भरपूर रंगद्रव्य घालून ते फवाऱ्याने मारता येऊ लागले, आणि त्यातील द्रावक उडून जाताच थर कोरडा होऊ लागला. ‘ड्यूको’ या नावाने ते बाजारात आले आणि 1923 साली ओकलंड मोटारीच्या निळ्या अंगावर प्रथम झळकले. जेथे आठवडे लागत तेथे आता तास पुरू लागले. याच पार्लिनपासून काही मैलांवर एडिसन आहे, जेथे आज मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. शनिवारी सकाळी तेथे गाडीला मेण लावीत असलेल्या एखाद्या काकांच्या स्वप्नातही नसेल की, आपल्या या तसदीचे मूळ इतक्या जवळच्या गावात आहे.

ही तसदी कशी, ते थोडे उलगडून सांगावयास हवे. फवाऱ्याने मारलेला ड्यूको वाळला म्हणजे त्याचा पृष्ठभाग निस्तेज, बारीक कणीदार दिसे. त्याला चकाकी आणण्यासाठी कारखान्यात मजूर तो रबिंग कंपाउंडने घासून काढीत, आणि मेंढीच्या लोकरीचे फिरते गोळे लावलेली विजेची यंत्रे या कामासाठी प्रथम कारखान्यातच रूढ झाली. म्हणजे रोगणाच्या काळात आधी चालणारे घासण्याचे काम ड्यूकोच्या काळात शेवटी येऊन बसले. शिवाय हा थर उन्हाने आणि हवेने हळूहळू पिठूळ होई. काळी मोटार वर्षा-दोन वर्षांत करडी दिसू लागे आणि तिच्यावरून बोट फिरवले तर बोट काळे होई. ती पूर्ववत करण्याचा उपाय एकच होता: वरचा मेलेला थर खरवडून काढावयाचा आणि खालचा जिवंत रंग पुन्हा मेणाने झाकावयाचा. हे काम कारखाना करणार नव्हता. ते मालकाकडे गेले, आणि मालकाच्या मागोमाग पॉलिशवाला आला.

शिकागो शहरात 1910 च्या सुमारास निघालेल्या ‘सिमोनाइझ’ या मालाचे दोन डबे असत, एक साफ करण्याच्या द्रव्याचा आणि एक घट्ट मेणाचा. हातभर जागा घ्यावी, फडक्याने मेण पसरावे, ते पुरते वाळून दगडासारखे होण्यापूर्वी दुसऱ्या फडक्याने पुसून काढावे, आणि मग शेजारची हातभर जागा घ्यावी, असा तो विधी असल्यामुळे एका मोटारीत एक दिवस सहज खर्ची पडे. या मेणांचा प्राण म्हणजे कार्नौबा. ब्राझीलच्या ईशान्येकडील सेआरा, पिआवी इत्यादी कोरड्या प्रांतांत होणारा हा ताड आपल्या पानांतील ओल उडून जाऊ नये म्हणून त्यांवर मेणाचे कवच धरतो; पाने तोडून उन्हात वाळवतात, झोडपतात, आणि जी भुकटी पडते ती वितळवून तिच्या वड्या करतात. हे मेण सुमारे 82 ते 86 अंश सेल्सियसपर्यंत वितळत नाही, आणि म्हणूनच भर उन्हात तापलेल्या काळ्या पत्र्यावरही ते टिकाव धरते. पण नुसते वापरावे तर ते इतके कठीण की, फडक्याने पसरणे अशक्य, म्हणून टर्पेंटाइन किंवा नॅफ्था यांसारख्या द्रावकात अन्य मऊ मेणांबरोबर ते मिसळावे लागते. या एका पानावर किती मोठे धंदे उभे होते याचा पुरावा हवा असल्यास, विस्कॉन्सिन राज्यातील रसीन गावचे एच. एफ. जॉन्सन हे कारखानदार 1935 साली सिकोर्स्की बनावटीच्या, पाण्यावर आणि जमिनीवर उतरणाऱ्या विमानातून केवळ या ताडाची राने पाहण्यासाठी ब्राझीलला गेले होते, हे स्मरावे. ज्याचे घराणे लाकडी फरशीच्या धंद्यातून मेणाकडे वळले, त्याने मेणाच्या झाडासाठी खंड ओलांडावा, हे मला त्या काळच्या कारखानदारीच्या स्वभावाला साजेसेच वाटते.

1941 साली त्याच शिकागोत बेन हर्श यांनी बाटलीतले पातळ पॉलिश काढले. त्यांच्याविषयी सांगतात की, ते रस्त्यात उभ्या असलेल्या परक्याच्या मोटारीचे एकच मडगार्ड चकचकीत करून ठेवीत आणि मालक परत येईपर्यंत शेजारी उभे राहत. एक मडगार्ड उजळ आणि बाकीची मोटार मळकट, अशी ती विद्रूप अवस्था पाहून मालकाला उरलेल्या गाडीचे पैसे दिल्यावाचून गत्यंतर नसे. ही युक्ती काळ्या मोटारीवर किती हमखास लागू पडत असेल, हे सांगावयास नकोच. पुढे हाच माल ‘टर्टल वॅक्स’ या नावाने घराघरांत पोहोचला.

तरीही दुसऱ्या महायुद्धापर्यंत घरचे काम फडक्याने आणि मनगटानेच चाले. ब्लॅक अँड डेकर यांनी पिस्तुलाच्या मुठीचे विजेचे ड्रिल 1917 सालीच पेटंट केले होते. पण ते कारखान्यांचे हत्यार होते. 1946 साली त्यांनी घरगुती वापराचे स्वस्त ड्रिल बाजारात आणले, आणि युद्धावरून परतून उपनगरात नवे घर व नवी मोटार घेतलेल्या अमेरिकन गृहस्थाला रबरी चकती आणि लोकरीची टोपी त्या ड्रिलच्या तोंडाला बसवली की, कारखान्यातील जिल्हईचे यंत्र आपल्या अंगणात आले, असा साक्षात्कार झाला. साक्षात्कार महाग पडला. एकाच आसाभोवती गरगर फिरणारी चकती थोडी जरी कलली, तरी तिची एक कडाच रंगावर घासते, तेथे उष्णता साठते, आणि पत्र्याच्या धारेवर, जेथे रंग मुळातच पातळ असतो, तेथे क्षणात अस्तर उघडे पडते. ज्यांच्या हातून एवढे अनर्थ घडत नसत, त्यांच्याही काळ्या गाडीवर चकतीच्या फेऱ्यांचे पट्टे उन्हात झळकत राहत. यावर तोडगा निघाला तो चकतीला दुसरी गती देण्याचा: ती आपल्या आसाभोवती फिरते खरी, पण तो आसच एका लहानशा वर्तुळात झुलत राहतो, त्यामुळे चकतीचा कोणताही बिंदू लागोपाठ एकाच वाटेने जात नाही, आणि हात जास्त दाबला तर फिरणेच मंदावते व रंग वाचतो. तरबेज कारागिराच्या मनगटात जो विवेक असे, त्याचा काही अंश अशा रीतीने यंत्राच्या रचनेत उतरला.

काळ्याच गाडीवर हे ओरखडे इतके का दिसतात, याचे उत्तर प्रकाशाच्या हिशेबात आहे. रंगाच्या पारदर्शक पृष्ठभागावर सरळ पडणाऱ्या प्रकाशापैकी शेकडा चारच्या आसपास भाग आरशाप्रमाणे परततो. बाकीचा आत जातो. पांढऱ्या गाडीत आत गेलेला प्रकाश बहुतांश सर्व दिशांना विखरून बाहेर येतो आणि त्याच्या लखलखाटात पृष्ठभागावरची रेघ बुडून जाते. काळ्या गाडीत आत गेलेला प्रकाश परतच येत नाही. डोळ्याला मिळते ते केवळ वरचे चार टक्के, आणि त्या अंधाऱ्या पार्श्वभूमीवर बारीक रेघेने वळवलेला प्रकाशाचा किरणही उठून दिसतो. त्यातही मौज अशी की, सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती जे कोळ्याचे गोल जाळे दिसते, ते पुष्कळदा वर्तुळाकार नसतेच. रेघा सर्व दिशांना पसरलेल्या असतात, मात्र प्रकाशाच्या वाटेला आडव्या येणाऱ्या तेवढ्याच चमकतात, आणि दिवा हलवला की जाळेही त्याच्याबरोबर सरकते. म्हणूनच काळी गाडी घासणारा जाणता माणूस काम सावलीत, गार पत्र्यावर करतो आणि परीक्षा तिरकस धरलेल्या दिव्याने घेतो. दोन वेळा धुऊन झालेल्या बॉनेटवरील धारा आणि रबरी पट्ट्या तो आधी चिकटपट्टीने झाकतो. स्पंजाच्या चकतीवर पॉलिशचे चार ठिपके देतो. यंत्र बंद असतानाच ती रंगावर टेकवतो, कारण चालू यंत्र वरून टेकवले तर पॉलिशचे शिंतोडे स्वतःच्या चष्म्यापर्यंत येतात. आणि मग हातभर जागेत आधी आडवे, नंतर उभे, अशा संथ फेऱ्या मारतो. मेण त्यानंतर येते, आणि तेही इतके पातळ की, जेमतेम धुरकट दिसावे.

1980 च्या दशकापासून बहुतेक मोटारींना रंगाच्या थरावर निराळा पारदर्शक थर येऊ लागला, आणि घासताना फडके काळे होण्याचे थांबले. कारण आता झिजते ते रंगहीन कवच. ते कवच बहुधा 40 ते 50 मायक्रॉन जाडीचे, म्हणजे केसाहूनही पातळ असते, आणि ऊन झेलण्याची जबाबदारी त्याच्या वरच्या भागावर असल्यामुळे त्यातले फार थोडेच घालवणे परवडते. ड्यूकोच्या दिवसांतील मालक दरवर्षी गाडी खरवडीत असे आणि फारसे बिघडत नसे. आजच्या मालकाच्या खाती शिल्लक तुटपुंजी आहे, आणि चोखंदळ मंडळी रंगाची जाडी मोजणारे यंत्र लावल्याशिवाय कामाला हात घालीत नाहीत.

आपल्याकडे हा खांदेपालट निराळ्या रीतीने झाला. 1944 साली वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या पद्मिनी गाड्या काळा रंग आणि पिवळे टप घेऊन कित्येक दशके मुंबईच्या टॅक्सी झाल्या, आणि 2023 च्या ऑक्टोबरअखेरीस त्यांची मुदत संपली; त्या काळ्या अंगाला कोणी जिल्हई केली नाही, टॅक्सीवाला सकाळी बादलीभर पाणी आणि फडके घेऊन तेवढी पुसत असे. खाजगी गाडीला तर मालकाचा हातच लागत नाही. एडिसनला मुलाकडे उन्हाळ्यात राहावयास आलेले पुण्याचे आजोबा यंत्र घेऊन घामाघूम झालेल्या मुलाला, ‘अरे, याला एखादा माणूस ठेवता येत नाही का?’ असे विचारतात, तो प्रश्न त्यांच्या अनुभवाने रास्तच असतो; कारण त्यांच्या सोसायटीत पहाटे येणारा माणूस एकच बादली आणि एकच फडके घेऊन महिन्याच्या ठरलेल्या पगारात सगळ्यांच्या गाड्या पुसून जातो. रात्रभर बसलेली धूळ तो कोरडीच पुसतो, त्या धुळीत वाळूचे कण असतात, आणि काळ्या गाडीवर जे जाळे मुलाने तिकडे दिवसभर खपून काढले, तेच इकडे दररोज पहाटे थोडे थोडे विणले जाते. दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात मग गॅरेजमध्ये रबिंग-पॉलिशची गर्दी उसळते. तेलकट पॉलिश रेघांत भरून बसते, झेंडूच्या माळेखाली गाडी नवीकोरी दिसते, आणि दिवाळीपर्यंत दोन-तीन धुण्यांत ते तेल निघून गेले की मालक पुन्हा त्याच गॅरेजवाल्याकडे तक्रार घेऊन उभा राहतो. गॅरेजवाला तिरकस उजेडात बॉनेट पाहतो आणि सांगतो की, रंगच तसला आहे, पुढच्या वेळी पांढरी घ्या. आणि आपल्या देशात पांढऱ्या गाड्यांचा खप सर्वाधिक असल्याचे पाहता, पुष्कळांनी त्याचा सल्ला मानलेला दिसतो.